पिवळं फूल मधमाशीलाही पिवळंच दिसतं का? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात परागीभवनावर जो लेख होता त्यात जाता जाता एक वाक्य आलं होतं, की मधमाशीला लाल रंग नीट दिसत नाही पण आपल्याला न दिसणारे अतिनील किरण मात्र तिला रंगासारखे दिसतात. त्या एका ओळीवर जेवढे मेसेज आले तेवढे बाकी अख्ख्या लेखावर आले नाहीत, म्हणून या वेळचा पूर्ण कॉलम त्यालाच दिलाय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं काढलीत. तुमचा प्रश्न जसाच्या तसा दिसला नाही तर बाकीच्या उत्तरांत शोधा, बहुतेक सापडेल.

प्रश्न : ताई, मधमाशी काही आपल्याशी बोलत नाही, मग तिला रंग दिसतात हे ठरवलं कुणी? तिला नुसतं फिकट आणि गडद एवढंच कळत असेल, असं का नाही?

तुमची शंका एकदम योग्य जागी आहे, शंभर वर्षांपूर्वी नेमका यावरच मोठा वाद झाला होता. म्युनिकचे कार्ल फॉन हेस हे त्या काळातले नावाजलेले नेत्रतज्ज्ञ, त्यांचं ठाम म्हणणं होतं की मासे आणि सगळे अपृष्ठवंशी प्राणी पूर्ण रंगांध असतात. कार्ल फॉन फ्रिश हा तेव्हाचा तरुण संशोधक, त्याला हे पटेना. त्याचं म्हणणं असं की मधमाशीला रंग दिसतच नसतील तर झाडं एवढा खटाटोप करून रंगीत पाकळ्या कशाला बनवतील.

मग त्याने जो प्रयोग केला तो इतका साधा आहे की मला अजूनही त्याचं कौतुक वाटतं. टेबलावर एक निळा कागद ठेवला, त्यावर साखरेचं पाणी. माश्या यायला लागल्या, सवय झाली. मग त्याने तो निळा कागद करड्या रंगाच्या बऱ्याच कागदांमध्ये ठेवला, अगदी पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत सगळ्या छटा. आता बघा, माशीला नुसती चमक कळत असती तर त्या निळ्याइतकाच उजळ असलेला एखादा करडा कागद तिला निळाच वाटला असता ना, आणि ती गोंधळली असती. पण साखर काढून घेतली, कागदांच्या जागा बदलल्या, वासाची भानगड नको म्हणून वर काच ठेवली, तरी माश्या नेमक्या निळ्यावरच जाऊन बसल्या. हे सगळं १९१४ च्या आसपासचं. हाच प्रयोग लाल कागदावर केला तेव्हा मात्र त्या फसल्या, लाल आणि गडद करडा किंवा काळा यांत त्यांना फरक करता येईना. पुढे १९७३ साली फॉन फ्रिशला नोबेल मिळालं, त्यात माश्या नाचून एकमेकींना फुलांची दिशा आणि अंतर सांगतात ते काम जास्त गाजलं, पण सुरुवात या कागदांपासून झालीय.

अतिनीलचा धागा त्याच्याही आधीचा आहे आणि तो मुंग्यांपासून सुरू होतो. इंग्लंडच्या जॉन लबक यांनी १८८० च्या सुमारास मुंग्यांच्या कोषांवर प्रिझममधून निघालेले रंग पाडले, तर मुंग्या आपले कोष उचलून जांभळ्याच्याही पलीकडच्या भागातून, जिथे आपल्याला नुसता अंधार दिसतो तिथून, लांब न्यायला लागल्या. म्हणजे तिथे काहीतरी आहे हे त्यांना कळत होतं. मधमाशीबाबत हेच १९२० च्या दशकात आल्फ्रेड क्यून यांनी दाखवलं, आणि १९६० च्या दशकात तर डोळ्यातल्या एकेका पेशीत सूक्ष्म इलेक्ट्रोड घालून कुठली पेशी कुठल्या प्रकाशाला उत्तर देते हे मोजून झालं.

प्रश्न : मावशी, मी सातवीत आहे. मधमाशीला आपल्यापेक्षा जास्त रंग दिसतात का? आणि तो अतिनील रंग कसा दिसतो?

जास्त नाही रे, वेगळे. तुझ्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी असतात, साधारण निळ्याला, हिरव्याला आणि लालसर बाजूला प्रतिसाद देणाऱ्या. मधमाशीच्या डोळ्यातही तीनच प्रकार, पण तिचे तिन्ही आपल्यापेक्षा आखूड लहरींकडे सरकलेले. एक अतिनीलसाठी, सुमारे ३४४ नॅनोमीटरला (प्रकाशलहरीची लांबी मोजायचं सूक्ष्म माप) सगळ्यात तीव्र, दुसरा निळ्यासाठी ४३६ ला आणि तिसरा हिरव्यासाठी ५४४ ला. आपल्याला साधारण ४०० ते ७०० दिसतं, तिला साधारण ३०० ते ६५०. आपली खिडकी आणि तिची खिडकी सारख्याच रुंदीची समज, फक्त तिची थोडी बाजूला बसवलीय, म्हणून एका टोकाला तिला आपल्यापेक्षा जास्त दिसतं आणि दुसऱ्या टोकाला कमी.

आता तुझा दुसरा प्रश्न, अतिनील कसा दिसतो. याचं खरं उत्तर हे की तो अनुभव माणसाला मिळू शकत नाही. तिला कुठले दोन रंग वेगळे वाटतात आणि कुठले सारखे, हे आपण प्रयोगाने तपासू शकतो, पण तिच्या आत तो रंग कसा वाटतो हे कुणालाच सांगता येणार नाही. तरी एक मजेशीर गोष्ट सांगते. आपल्या डोळ्याच्या भिंगातच अतिनील अडवला जातो, आतल्या पडद्यापर्यंत पोचतच नाही. पूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन करून भिंग काढून टाकायचे आणि दुसरं बसवायचे नाहीत, तेव्हा त्या लोकांना जांभळ्याच्या पलीकडचा थोडा प्रकाश फिकट निळसर-पांढरट दिसायचा. पण मधमाशीला तसाच दिसतो असं समजू नकोस, कारण तिच्याकडे त्याच्यासाठी स्वतंत्र पेशी आहे आणि आपल्याकडे नाही.

आणि तीन पेशी म्हणजे तीनच रंग नाहीत हे लक्षात ठेव, खरी गंमत मिश्रणात असते. आपल्याकडे लाल आणि निळा मिसळून जांभळट गुलाबी होतो, जो इंद्रधनुष्यात कुठेच नसतो. तसंच मधमाशीकडे पिवळा आणि अतिनील एकत्र आले की एक स्वतंत्र रंग होतो, १९५६ मध्ये कार्ल डाउमर यांनी हे प्रयोगाने दाखवलं, त्याला 'मधमाशीचा जांभळा' म्हणतात. म्हणजे आपल्याला अगदी सारखी पिवळी दिसणारी दोन फुलं घे, त्यातलं एक अतिनील परत फेकणारं असेल आणि दुसरं शोषून घेणारं, तर मधमाशीसाठी ते दोन पूर्ण वेगळे रंग झाले. पांढऱ्याचंही तसंच आहे. बहुतेक पांढरी फुलं अतिनील शोषून घेतात, त्यामुळे तिच्या दृष्टीने ती पांढरी नसतातच, निळसर-हिरव्या गटात जातात. आणि झाडाची पानं, जी आपल्याला एवढी हिरवीगार वाटतात, ती तिला बरीचशी फिक्या करड्यासारखी, रंगहीन, अशा पार्श्वभूमीवर कुठलंही फूल उठूनच दिसणार.

प्रश्न : मी ऑनलाइन यूव्ही टॉर्च मागवला आणि रात्री फुलांवर मारला, काही भाग निळे-हिरवे चमकले. मधमाशीला असंच दिसतं ना?

नाही हो, आणि हा गैरसमज इतका पसरलाय की जरा सविस्तर सांगते. टॉर्च मारल्यावर तुम्हाला जे चमकताना दिसतं ती फ्लोरोसन्स, म्हणजे फुलातल्या काही पदार्थांनी अतिनील गिळला आणि त्या बदल्यात आपल्याला दिसणारा प्रकाश बाहेर टाकला. मधमाशीला जे दिसतं ते त्याच्या उलट टोकाचं आहे, न गिळता परत फेकलेला अतिनील. म्हणजे टॉर्चखाली जो भाग झकास चमकतो तोच भाग तिच्यासाठी अतिनीलच्या बाबतीत काळोखा असू शकतो. भर उन्हात तर ती चमक इतकी क्षीण असते की बाकीच्या प्रकाशात हरवून जाते.

परावर्तित अतिनील बघायचा तर खास कॅमेरा लागतो, सेन्सरवरचा फिल्टर काढलेला, अतिनील आरपार जाऊ देणारी लेन्स असलेला आणि पुढे फक्त अतिनीलच सोडणारा फिल्टर लावलेला. असे सूर्यफुलाचे फोटो मिळाले तर नक्की बघा. आपल्याला पाकळी टोकापासून मुळापर्यंत एकसारखी पिवळी दिसते, पण त्या फोटोत बाहेरचा भाग उजळ आणि मधला काळाकुट्ट, नेमबाजीच्या टार्गेटसारखा. मधल्या भागात फ्लॅव्होनॉल नावाची द्रव्यं साठलेली असतात, ती अतिनील शोषतात. मोहरीच्या फुलातही असंच मधलं गडद वर्तुळ असतं. फक्त एक करा, त्या फोटोंना दिलेले निळे-गुलाबी रंग खरे धरू नका, ते फोटो बनवणाऱ्याने आपल्याला कळावं म्हणून भरलेले असतात. नक्षी खरी, रंग भरलेला.

या नक्षीचा माश्यांवर काय परिणाम होतो तेही डाउमर यांनीच बघितलं. पाकळीवरून चालत मधमाशी जेव्हा उजळ भागातून त्या गडद भागाच्या हद्दीवर येते तेव्हा ती डोकं खाली करते आणि सोंड बाहेर काढते. त्यांनी पाकळ्या तोडून उलट्या मांडल्या, म्हणजे गडद भाग बाहेर आला, तर माश्या बाहेरच्या कडेलाच सोंड काढायला लागल्या. रस आत असतो हे माहीत असूनसुद्धा, बरं का. म्हणजे ती खूण तिच्यासाठी 'इथे प्या' अशा पाटीसारखी आहे. आपल्याला दिसणाऱ्या रेषा आणि ठिपके हेही मकरंदाचा रस्ता दाखवतात, हे जर्मनीतल्या ख्रिस्तियान कोनराड श्प्रेंगल यांनी १७९३ मध्येच लिहून ठेवलं होतं, पण त्यांच्या हयातीत कुणी फारसं मनावर घेतलं नाही, पुढे डार्विनने त्या कामाची कदर केली.

प्रश्न : लाल रंग दिसत नाही म्हणता, मग लाल फुलांवर मधमाश्या बसलेल्या मी स्वतः बघितल्यात त्या कशा?

तुम्ही बघितलं ते खरं आहे, मागच्या अंकातलं आमचं वाक्य जरा जास्तच थोडक्यात झालं होतं. लाल दिसत नाही याचा अर्थ लाल फूल अदृश्य असतं असा नाही. तिचा हिरवा रिसेप्टर, म्हणजे हिरव्याला प्रतिसाद देणारी पेशी, ६५० नॅनोमीटरच्या आसपासपर्यंत थोडाथोडा प्रतिसाद देत असतो, त्यामुळे लाल फूल तिला गडद, मंद रंगाचं दिसतं, पानांपेक्षा वेगळं कळतं पण शोधायला वेळ जास्त लागतो. शिवाय आपण ज्याला लाल म्हणतो त्यात बऱ्याचदा दुसरं काहीतरी मिसळलेलं असतं. युरोपातली लाल पॉपी, म्हणजे खसखशीच्या कुळातलं फूल, याचं प्रसिद्ध उदाहरण, तिच्या पाकळ्या अतिनील परावर्तित करतात आणि माश्या तिकडे ओढल्या जातात ते त्या अतिनीलमुळे, लाल त्यांच्या खिजगणतीत नाही. इस्रायलकडे गेलं की तीच पॉपी अतिनील फेकत नाही, कारण तिथे अशा लाल वाडग्यासारख्या फुलांचं परागीभवन मुख्यतः भुंगेरे (कठीण कवचाचे कीटक) करतात आणि त्यांना लाल दिसतो. मला हे उदाहरण फार आवडतं, फूल एकच पण गिऱ्हाईक बदललं तसा रंगाचा छुपा भाग बदलला.

पक्ष्यांकडून परागीभवन करून घेणारी फुलं पुष्कळदा शुद्ध लाल असतात, त्याचं एक कारण हेच सांगतात की पक्ष्यांना लाल छान दिसतो आणि माश्यांना कमी, त्यामुळे रस फुकट जात नाही. आणि सगळ्याच माश्या लालच्या बाबतीत एकसारख्या आहेत असंही नाही, दक्षिण अमेरिकेत पेट्युनियाच्या फुलांवर जाणारी कॅलोनिकियम नावाची एक छोटी एकटी राहणारी माशी आहे, तिच्याकडे लालसाठी वेगळा रिसेप्टर सापडलाय. पण असे अपवाद फार थोडे, बहुतेक मधमाश्या, बंबलबी (मधमाशीच्याच नात्यातली मोठी केसाळ माशी), भुंगे यांचा आराखडा अतिनील-निळा-हिरवा हाच.

प्रश्न : मधमाशीला फुलाचा रंग किती लांबून दिसतो?

खूपच जवळून, आणि हे कळल्यावर मी पण थक्क झाले होते. कामकरी माशीच्या एका डोळ्यात सुमारे ५ हजार छोटे नेत्रकण असतात, प्रत्येक नेत्रकण चित्राचा एक ठिपका देतो, म्हणजे चित्र बरंच धूसर. त्यात रंग ओळखायला फुलाने तिच्या नजरेत निदान १५ अंशांचा कोन व्यापायला लागतो. हिशेब केला तर २ सेंटिमीटरचं एक फूल तिला रंगासकट दिसतं ते जेमतेम साडेसात सेंटिमीटरवरून! त्याच्या आधी, साधारण २२-२३ सेंटिमीटरपासून, तिला तिथे काहीतरी आहे एवढं कळतं, पण ते फक्त हिरव्या रिसेप्टरच्या जोरावर, रंगाशिवाय. उडताना हालचाल टिपण्याचं कामही एकटा हिरवा रिसेप्टरच करतो, म्हणजे वेगात असताना ती रंगांध असल्यासारखीच असते म्हणा ना.

मग लांबून येते कशी, तर वासाने, आठवणीने, पोळ्यातल्या नाचातून मिळालेल्या दिशा आणि अंतराने. नाचात रंगाचा मात्र काहीच पत्ता नसतो, हे लक्षात घ्या, नाचणारीच्या अंगाला आलेला फुलाचा वास तेवढा बाकीच्यांना मिळतो. रंग हा शेवटच्या वीतभर अंतराचा मामला आहे, पण तिथेच ठरतं की ती या फुलावर बसणार की शेजारच्या.

प्रश्न : पण यात झाडाचा काय फायदा? मधमाशीला रंग दिसला काय न दिसला काय, मध मिळाला की झालं. परागीभवनाशी याचा नक्की संबंध काय?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, कारण रंगाचा उपयोग झाडाला होतो तो मधमाशीच्या स्मरणशक्तीतून. झाडाच्या बाजूने विचार करून बघा. माशी आली, रस प्यायली, अंगाला पराग लागला, आणि उडून भलत्याच जातीच्या फुलावर गेली तर तो पराग वाया, वर त्या दुसऱ्या फुलाच्या कुक्षीवर नको असलेला पराग बसला. झाडाला हवं असतं की तिने इथून निघून याच जातीच्या दुसऱ्या फुलावर जावं. आणि मधमाशी बहुतेक वेळा तसंच करते, एका फेरीत शक्यतो एकाच जातीला धरून राहते, ही गोष्ट ॲरिस्टॉटलच्याही नजरेला आली होती. असं धरून राहायचं तर ती जात ओळखता यायला पाहिजे, आणि ओळखायला वास आणि आकाराच्या जोडीला सगळ्यात पटकन कामी येतो तो रंग.

रांडॉल्फ मेंझेल यांनी मधमाश्यांच्या शिकण्यावर आयुष्यभर काम केलं. जांभळट रंगावर एकदा साखर मिळाली तरी पुढच्या वेळी बहुसंख्य माश्या तोच रंग निवडतात, निळसर-हिरवा शिकायला जास्त फेऱ्या लागतात, आणि तीनेक वेळा बक्षीस मिळालं की ती आठवण कित्येक दिवस टिकते. बाहेर चरायला जाणाऱ्या कामकरी माशीचं आयुष्यच मुळात थोड्या आठवड्यांचं, म्हणजे जवळपास जन्मभराची आठवण झाली ती. म्हणून ज्या झाडाचं फूल शेजारच्या जातींपेक्षा मधमाशीच्या नजरेत ठळक वेगळं आहे त्याचा पराग योग्य जागी पडण्याची शक्यता वाढते. आपल्या नजरेत वेगळं असून उपयोग नाही.

इथे लोक बऱ्याचदा उलट समजतात, की फुलं बघता यावीत म्हणून मधमाशीचे डोळे तसे झाले. कीटकांच्या दृष्टीवर काम करणारे संशोधक लार्स चिटका यांनी १९९६ मध्ये वेगवेगळ्या कीटकांचे आणि त्यांच्या दूरच्या नातलगांचे डोळे ताडून दाखवलं की अतिनील-निळा-हिरवा ही रचना फुलं पृथ्वीवर येण्याच्या कितीतरी आधीपासून होती, ज्या प्राण्यांचा फुलांशी काही संबंध नाही त्यांच्यातही ती आहे. म्हणजे डोळे आधी, फुलं मागून, आणि फुलांचे रंग त्या आधीच असलेल्या डोळ्यांना सगळ्यात चांगले वेगळे कळतील असे घडत गेले. आपण बागेत ज्या रंगांकडे बघून खूश होतो ते बरेचसे मुळात कीटकांच्या नजरेने निवडलेले आहेत, माणूस तेव्हा नव्हताच.

झाडं रंग बदलूनही माशीशी बोलतात. घाणेरीचा गुच्छ सगळ्यांनी बघितलाय, मधली फुलं पिवळी आणि कडेची केशरी-लालसर. ताजं फूल पिवळं, त्यात रस असतो, मग ते जुनं होतं तसा रंग बदलतो आणि रस संपलेला असतो. येणारी फुलपाखरं पिवळ्यावरच सोंड घालतात. मग प्रश्न पडतो की झाड जुनी फुलं गाळून का टाकत नाही, तर ती राहिल्याने गुच्छ लांबून मोठा दिसतो, आणि जवळ आल्यावर रंग सांगतो की नेमकं कुठे बसायचं. दोघांचाही वेळ वाचला. हॉर्स चेस्टनट नावाच्या झाडाच्या फुलावर हेच काम एक छोटा ठिपका करतो, रस असेपर्यंत पिवळा आणि नंतर लाल, आणि माश्या लाल ठिपक्याची फुलं सोडून देतात कारण लाल त्यांच्यासाठी विझलेलाच.

आणि निळ्याबद्दल एक सांगायचंच आहे. निळा माश्यांना जन्मजात आवडतो, पण झाडाला निळं रंगद्रव्य बनवणं अवघड जातं, म्हणून निळी फुलं तशी थोडी. २०१७ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत एक काम आलं, त्यात दिसलं की बऱ्याच फुलांच्या पाकळ्यांवर अतिसूक्ष्म रेघा असतात, थोड्या वेड्यावाकड्या, आणि त्या रेघांवरून निळा आणि अतिनील प्रकाश विखुरतो, म्हणजे रंगद्रव्य नसतानाही फुलाभोवती एक निळसर वलय तयार होतं. बंबलबींना ते वलय शिकता येतं हे प्रयोगात तपासलं गेलं. रेघा नीटनेटक्या नाहीत म्हणून काम बिघडत नाही, उलट त्या वेडेवाकडेपणामुळेच वलय कुठल्याही कोनातून दिसतं.

या यंत्रणेचा गैरफायदा घेणारेही आहेत. ऑस्ट्रेलियातला एक खेकडा-कोळी पांढऱ्या फुलावर दबा धरून बसतो, आपल्याला तो दिसत नाही इतका मिसळून जातो, पण त्याचं अंग अतिनील परावर्तित करतं, मधमाशीला ते फूल शेजारच्या फुलापेक्षा जास्त ठळक दिसतं आणि ती तिकडेच ओढली जाते. तो लपलाय आपल्यापासून, तिच्यासाठी त्याने दिवा लावलाय.

प्रश्न : बागेत मधमाश्या याव्यात म्हणून कुठल्या रंगाची फुलं लावू?

निळी, जांभळी, पिवळी आणि पांढरी लावा हे उत्तर बरोबर आहे, पण माझ्या मते रंगापेक्षा लावण्याची पद्धत जास्त महत्त्वाची. वर १५ अंशांचा हिशेब दिलाय तो परत बघा. एकटं २ सेंटिमीटरचं फूल साडेसात सेंटिमीटरवरून रंगीत दिसतं, पण त्याच जातीचा ३० सेंटिमीटर रुंदीचा दाट पुंजका केलात तर रंग एका मीटरपेक्षा थोडा लांबूनच कळतो आणि तिथे काहीतरी आहे हे तर तीन-साडेतीन मीटरवरून. म्हणून दहा जातींची एकेक रोपं विखरून लावण्यापेक्षा चार जातींचे पुंजके करा. एका जातीचं फूल शिकलेल्या माशीला तिथेच भरपूर काम मिळतं.

दुसरं म्हणजे दुहेरी, भरगच्च पाकळ्यांच्या जातींपासून जरा सावध राहा, त्यांत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, पराग कमी, रसापर्यंत पोचायला वाट नाही. रंग बघून माशी येते आणि रिकामी जाते, दोन-तीनदा असं झालं की तो रंगच टाळायला शिकते.

प्रश्न : मी मधपेट्या ठेवतो. पेट्यांना कुठला रंग द्यावा? आणि तपासणी करताना लाल दिवा वापरतात तो का?

पेट्या एका ओळीत अगदी जवळजवळ आणि सगळ्या एकाच रंगाच्या असतील तर माश्या घर चुकतात, त्यामुळे वेगवेगळे रंग दिलेत तर फायदा होतो, हे फॉन फ्रिशनेच दाखवलंय. फक्त रंग तिच्या नजरेने निवडा. निळी, पिवळी आणि पांढरी चालेल, पण लालच्या शेजारी काळी ठेवून दोन वेगळे रंग दिले असं समजू नका, तिच्यासाठी त्या दोन्ही जवळपास सारख्याच. पांढरे रंगसुद्धा सगळे एक नसतात, काही पांढरे पेंट अतिनील परत फेकतात आणि काही शोषतात, ते तिला वेगवेगळे दिसतात. रंगासोबत दारावर एखादा ठळक आकार काढलात तर अजून चांगलं.

लाल दिव्याचं कारण आता तुमच्या लक्षात आलंच असेल, आपल्याला काम करण्यापुरतं दिसतं आणि त्यांच्यासाठी जवळपास अंधार असतो, त्यामुळे उडत नाहीत. अंगावर कपडे फिकट आणि गुळगुळीत घाला, गडद आणि केसाळ काही दिसलं की त्या लवकर चिडतात.

प्रश्न : आमच्या ग्रीनहाऊसला अतिनील अडवणारं प्लॅस्टिक लावायचं चाललंय. परागीभवनासाठी आत बंबलबी सोडणार आहोत. काही अडचण येईल का?

येऊ शकते, म्हणून आधी विचारलंत ते बरं केलंत. अतिनील गेला की तिच्या तीनपैकी एक खांब गेला, फुलांचे रंग तिच्यासाठी बदलतात, दिशा धरायलाही आकाशातला अतिनील आणि त्याचं ध्रुवीकरण (प्रकाशलहरी ठरावीक दिशेत डोलणं) उपयोगी पडतं तेही जातं. टोमॅटोच्या ग्रीनहाऊसमध्ये झालेल्या कामात अतिनील आत येऊ देणाऱ्या आच्छादनाखाली बंबलबी जास्त कामाला लागलेल्या दिसल्यात. दुसऱ्या बाजूने २००४ च्या प्रयोगात असंही दिसलं की अतिनील नसलेल्या उजेडात बंबलबींना सुरुवातीला फुलं शोधायला जास्त वेळ लागला पण नंतर त्या बदललेले रंग शिकल्या आणि सरावल्या. तर लावायचंच असेल तर पहिले काही दिवस नीट लक्ष ठेवा, माश्या छताला जाऊन आपटत असतील किंवा वसाहतीतून बाहेरच पडत नसतील तर तसं कळेल. टोमॅटोच्या फुलाला तर मकरंदच नसतो, पराग सुटायला ते फूल धरून गुंजन करून हलवावं लागतं, म्हणजे माशीने तिथे बसणं हेच सगळं आहे. दोन पर्याय असतील तर मी अतिनील येऊ देणारं घेईन.

प्रश्न : रात्री फुलणारी फुलं बहुतेक पांढरी असतात, रात्री रंग कुणालाच दिसत नाही म्हणून का?

बऱ्याच अंशी हो, अंधारात फिकट फूल जास्त प्रकाश परत फेकतं आणि वासाच्या जोडीने पतंगांना सापडतं. पण 'कुणालाच नाही' हे मात्र चूक ठरलंय. आपल्याला चांदण्यात सगळं करडं दिसतं कारण रंगांच्या पेशी तेवढ्या प्रकाशात काम करत नाहीत. काही निशाचर पतंगांना मात्र नुसत्या ताऱ्यांच्या उजेडातही रंग ओळखता येतात. आणि २००८ मध्ये हेमा सोमनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका भुंग्यावर, झायलोकोपा ट्रँक्वेबारिका त्याचं नाव, केलेलं काम प्रसिद्ध झालं. लाकडात भोक पाडून राहणारा हा भुंगा चंद्र नसलेल्या रात्रीही उडतो. त्यांनी त्याच्या घराच्या तोंडाशी रंगीत खुणा लावल्या, त्याला सवय होऊ दिली, मग तो बाहेर गेल्यावर खुणांची अदलाबदल केली. परत आल्यावर तो रंगाच्या मागे गेला, चुकीच्या भोकाशी, फक्त ताऱ्यांच्या उजेडात. त्याचे डोळेही आपल्या नेहमीच्या मधमाशीसारखे दिवसाच्याच बांधणीचे आहेत, फक्त भिंगं आणि आतल्या प्रकाशपेशी मोठ्या.